डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. रजिस्ट्रीतलं अपरफिल्टर्स उडवू की रजिस्ट्री क्लीनर टाकू?

उडवा. पण आधी एक्सपोर्ट करा, म्हणजे त्या नोंदींची प्रत फाइलमध्ये काढून ठेवा, आणि क्लीनरच्या नादाला अजिबात लागू नका. उत्तर खरं तर एवढंच. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, आणि अपरफिल्टर्स म्हणजे तिच्यातली एक नोंद: एखाद्या उपकरणासोबत कुठले जादा ड्रायव्हर चालवायचे त्याची यादी. पुढचं लिहितोय ते 'अपरफिल्टर्स' हा शब्द वाचून पोटात गोळा आला म्हणून.

२०१३ साल. सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातून फोन आला. ड्राइव्ह दिसत नाही, आणि जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचं, नवं डिझाइन नेमकं डीव्हीडीवर आलंय. मशीन विंडोज ७ चं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड ३९. कुणीतरी सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर काढून टाकलेलं. सॉफ्टवेअर गेलं, पण रजिस्ट्रीत त्याच्या फिल्टरची नोंद तशीच राहिली. मग विंडोज त्या नसलेल्या ड्रायव्हरसाठी अडून बसतं आणि ड्राइव्ह चालूच करत नाही. तुमचंही बहुतेक हेच असणार.

रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचं विंडोजचं साधन, उघडलं. एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास. तिथे महिरपी कंसातल्या लांबलचक नावांची रांग लागते. सीडीरॉमचं नाव ४डी३६ई९६५ ने सुरू होतं, सहा ओळी खाली कीबोर्डचं ४डी३६ई९६बी ने. पुढची सगळी शेपटी सारखीच. बाहेर मागांचा खडखडाट, कारखान्याचे मालक डोक्यावर उभे. मी सहा ओळी घसरलो. उजवीकडे अपरफिल्टर्स दिसलं, म्हटलं जागा हीच. उडवलं आणि रीस्टार्ट मारला.

पासवर्डची चौकट आली आणि कीबोर्ड ठार. नमलॉकचा दिवापण लागेना. दुसरा यूएसबीचा लावला, तोही तसाच. गोडाऊनमधून जुन्या गोल पिनचा आणला, मशीन बंद करून लावला, तोही मुका. बिघडला एकही नव्हता, मीच सगळ्या कीबोर्डांची वाट एकदम बंद केली होती. तिथले डिझाइन मास्तर तेलुगूत काहीतरी पुटपुटले. अर्थ विचारायची गरज नव्हती.

दुकानाच्या शेठना फोन लावला. "फॉरमॅट मार बे! रजिस्ट्रीत हात घालायला कुणी सांगितलं तुला?" डेस्कटॉपवर तीन वर्षांची डिझाइनं, बॅकअप शून्य, आणि हे म्हणे फॉरमॅट मार.

नाही मारला. माऊस जिवंत होता. विंडोज ७ च्या लॉगिनच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात ईझ ऑफ ॲक्सेसचं बटण असतं, तिथून पडद्यावरचा कीबोर्ड काढला. मालकांनी पासवर्ड माझ्या कानात सांगितला, मी तो एकेक अक्षर टिपत भरला. मग दुकानातल्या पोराला फोन करून विचारलं, तुझ्या मशीनवर कीबोर्डच्या अपरफिल्टर्समध्ये काय लिहिलंय बघ. केबीडीक्लास. तेवढी आठ अक्षरं. मल्टी-स्ट्रिंग व्हॅल्यू, म्हणजे त्याच प्रकारची नोंद, नव्याने केली, नाव आणि ती आठ अक्षरं माऊसने टिपली, रीस्टार्ट. नमलॉकचा दिवा लागला तेव्हा मास्तरांनी मला चहा पाजला. मग नीट सीडीरॉमच्या जागी जाऊन ड्राइव्हपण चालू करून दिला.

शेठनी मात्र पगारातून पाचशे कापले आणि वर्षभर प्रत्येक गिऱ्हाईकासमोर "ह्याला रजिस्ट्रीत हात घालायची खाज" हे ऐकवलं. स्वतः प्रत्येक मशीनवर रजिस्ट्री क्लीनर फिरवायचे. लाल अक्षरात शेकडो एरर दाखवायचे, दीडशे रुपये घ्यायचे. क्लीनर काय करतं? मालकाला न विचारता ढिगाने नोंदी उडवतं. मी एक उडवली तर गुन्हा! जुन्या नोंदी राहिल्या म्हणून मशीन हळू होत नाही. विंडोज सगळी रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, लागेल ती नोंद काढतं. असली क्लीनर वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. चूक माझी होतीच, पण ती एक्सपोर्ट न करण्याची. केलं असतं तर लॉगिननंतर त्या फाइलवर डबल-क्लिक केला की विषय संपला असता.

हां, एक्सपोर्टची फाइल उडवलेलं परत आणते, तुम्ही नव्याने घातलेलं काढत नाही. रिस्टोअर पॉइंटपण करून ठेवा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग मागच्या स्थितीला नेता येतात. नोंदीवर क्लिक केल्यावर उजवीकडे 'क्लास'समोर सीडीरॉम लिहिलंय ना, ते दोनदा वाचा. तिथलं अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स दोन्ही काढा, अपरफिल्टर्स डॉट बॅक दिसलं तर राहू द्या. नंतर एखादं राइट करायचं सॉफ्टवेअर रुसलं तर ते परत टाकावं लागेल.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: ड्राइव्ह बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, दिसतोय का? तिथेच दिसत नसेल तर रजिस्ट्रीचा संबंध नाही, केबल बघा.