डायनासोरचे वेड आणि भूविज्ञानाचा रस्ता

प्रश्न : माझा मुलगा सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. त्याला लहानपणापासून डायनासोरचे वेड आहे. मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतात विहीर खोदताना नारळाएवढे गोल धोंडे निघाले. ती डायनासोरची अंडी असावीत असे तो म्हणतो आणि परदेशात एकेक सांगाडा कोट्यवधींना विकला जातो, हेही मोबाइलवर दाखवतो. यात पोट भरेल असे करिअर आहे का? आणि शेतात खरोखर असे काही सापडले, तर ते कोणाचे? – एक पालक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. धोंड्यांचा विषय आधी मिटवू, कारण चिरंजीवांचा पहिला धडा त्यातच आहे. सोलापूर जिल्ह्याचा काळा पाषाण हा बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. या कातळाच्या भेगांत पाणी मुरले की त्याचे कोपरे झिजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गाभा उरतो. विहिरीच्या मुरुमात असे गोळे सर्रास निघतात आणि आपले धोंडेही बहुधा तेच असावेत. वितळलेल्या खडकात हाडे किंवा अंडी टिकत नाहीत. त्यांना नदी-तळ्याचा गाळ लागतो. मध्य भारतात असा गाळ लाव्ह्याच्या खाली 'लमेटा' नावाच्या थरांत सापडतो, पण आपल्याकडे लाव्ह्याचे थर इतके जाड आहेत की त्याखालचे काहीच उघडे पडत नाही.

तरीही गोल दगड पाहून मुलाच्या मनात अंड्याचा विचार आला, यात हसण्यासारखे काही नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात काही गावकरी ज्या गोल दगडांची कुलदैवत म्हणून पूजा करीत, ते डायनासोरची अंडी असल्याचे 2023 मध्ये उजेडात आले. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील 92 घरटी आणि 256 अंडी यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. फरक एवढाच की तिथला खडक लमेटाचा आहे. कोणता खडक कुठे, किती जुना आणि कसा तयार झाला हे ज्याला कळते, त्यालाच जीवाश्म (प्राचीन जीवांचे दगड झालेले अवशेष) सापडतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : मुलाने आधी भूवैज्ञानिक व्हावे, डायनासोर त्यानंतर.

या क्षेत्राचे रोजचे काम पडद्यावर दिसते त्याहून फार संथ असते. भूशास्त्रीय नकाशावरून योग्य वयाचा गाळाचा खडक निवडायचा, उन्हातान्हात उघड्या नाल्यांतून मान खाली घालून चालायचे, हाडाचा तुकडा दिसला की जागा आणि थर यांची नोंद करायची, मगच कडेने उकरायला घ्यायचे. नाजूक हाडावर आधी ओला कागद आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि हाड भोवतालच्या मातीसकट उचलतात. पुढे प्रयोगशाळेत सुईने कण-कण खडक काढण्यातच कित्येक महिने जातात. इतके करूनही हाती येते ते बहुधा अपुरेच असते. गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या 'बारापासॉरस' या डायनासोरची सुमारे 300 हाडे मिळाली, पण कवटी मिळाली नाही. त्याचा उभा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

अभ्यास फक्त हाडांचाच होतो असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. लखनऊच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले, आणि डायनासोरच्या काळात गवत अस्तित्वात होते हे 2005 मध्ये प्रथमच ठोसपणे सिद्ध झाले. हा शोध सूक्ष्मदर्शकाखाली लागला आहे, हे मुलाला आवर्जून सांगावे. कुदळीइतकीच सूक्ष्मदर्शकाशीही ज्याची गट्टी जमेल, तोच इथे टिकतो.

आता मालकीचा मुद्दा. चिरंजीव मोबाइलवर दाखवतात ते विक्रीचे व्यवहार अमेरिकेतले आहेत. तिथे खासगी जमिनीतला जीवाश्म जमीनमालकाचा ठरतो. म्हणूनच 2020 मध्ये 'स्टॅन' नावाचा टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा सुमारे 3.18 कोटी डॉलरना लिलावात गेला. पण तिथेही गुंता होतोच. 'स्यू' हा टी. रेक्स 1990 मध्ये सापडला तेव्हा शोधणाऱ्यांनी जमीनधारकाला 5,000 डॉलर दिले होते, परंतु ती जमीन सरकारच्या विश्वस्ततेखाली असल्याने 1992 मध्ये एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने सांगाडा जप्त केला आणि न्यायालयीन वादानंतर 1997 मध्ये तो शिकागोच्या संग्रहालयाने लिलावात घेतला. उलट मंगोलिया आणि ब्राझील जीवाश्मांना राष्ट्राची संपत्ती मानतात. न्यूयॉर्कमध्ये विकला गेलेला एक सांगाडा मंगोलियाने 2013 मध्ये परत मिळवला. आपल्याकडे केंद्राने भूवारसास्थळे आणि भूअवशेष (जीवाश्म, खनिजे इत्यादी) यांच्या जतनासाठी 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा मांडला होता. कायद्याचे काहीही होवो, शेतात संशयास्पद काही दिसले तर ते जागेवरून हलवू नये. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग यांना कळवावे. कोणत्या थरातून आला हे माहीत नसलेला जीवाश्म अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. विक्रीच्या आशेवर मात्र करिअर बेतू नये, हे मी ठामपणे सांगतो.

पोटापाण्याची आपली काळजी रास्त आहे. देशात निव्वळ डायनासोरवर काम करणाऱ्या जागा अगदी मोजक्या आहेत आणि त्यांसाठी पीएच.डी. लागते. भूविज्ञानाचे तसे नाही. एम.एस्सी. केल्यावर यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. राज्याची भूजल यंत्रणा, खाणी, सिमेंट आणि तेल कंपन्या यांनाही भूवैज्ञानिक लागतात, आणि पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्यांची गरज वेगळी सांगायला नको.

बारावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय राहू द्यावेत. बी.एस्सी. भूविज्ञानासाठी पुण्यात फर्ग्युसनसारखी महाविद्यालये आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षी जॅम ही प्रवेशपरीक्षा दिल्यास आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो आणि पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पीएच.डी.चा खर्च आपल्यावर पडत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत क्षेत्रभेटींत त्याचे मन रमले नाही, तर याच पदवीवर भूजल किंवा दूरसंवेदन (उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास) याकडे वळता येईल. तो निर्णय तेव्हा त्यालाच घेऊ द्यावा.