केसांवर एवढी पानं कशाला?

प्रश्न: आमच्या वाचन ग्रुपने नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिचींची 'अमेरिकाना' ही कादंबरी घेतलीये. लव्हस्टोरी म्हणून सुरू केली, पण शे-दीडशे पानं झाली तरी नायिका इफेमेलू आपली सलूनमध्येच, मध्येच लेगॉसच्या शाळेत, मध्येच फिलाडेल्फियात, आणि तिचा प्रियकर ओबिंझे तर गायबच झालाय. मी पार कंटाळले. सोडून देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: नका हो ताई सोडू! ते सलून म्हणजे गोष्टीतलं 'आत्ता', बाकी सगळं तिथे बसून आठवलेलं, एवढं धरून ठेवलं की गोंधळ निम्मा कमी होतो. आणि केसांचं म्हणाल तर वंशभेदाची अख्खी गोष्ट तिथेच आहे. इफेमेलू राहते अमेरिकेत प्रिन्स्टनला, पण आफ्रिकन पद्धतीच्या वेण्या घालून घ्यायला ट्रेन पकडून ट्रेंटनला जावं लागतं, कारण प्रिन्स्टनमध्ये ते काम करणारं कुणी नाही. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूआधी तिला सांगतात वेण्या काढ, केस सरळ कर, मग ती केमिकल लावते आणि टाळू भाजून घेते. अतिशयोक्ती वाटत असेल तर सांगते, पुस्तक आलं 2013 ला, आणि केसांवरून भेदभाव करायचा नाही असा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने केला तो 2019 मध्ये!

नायजेरियात तिला आपण 'काळे' आहोत असा विचार कधी करावाच लागला नव्हता, तिथे माणूस कुठल्या समाजाचा, इग्बो की योरुबा, हे बघतात. अमेरिकेत उतरली आणि काळी झाली.

ओबिंझे येतो परत, धीर धरा. 2001 च्या अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्याला अमेरिकेचा व्हिसा मिळतच नाही मग तो लंडनला जातो, व्हिसा संपल्यावरही तिथेच राहतो, दुसऱ्याच्या नावावर काम करतो, संडास साफ करतो, आणि कागदपत्रांसाठी पैसे देऊन लग्न ठरवतो. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात भारी भाग हाच. ही माणसं उपाशी नाहीत, युद्धातून पळालेली नाहीत, प्रोफेसरीणबाईंचा शिकलेला मुलगा आहे तो, फक्त घरी राहून पुढे काहीच होणार नाही म्हणून निघालेला. आपल्याकडे लोन काढून एमएसला जाणाऱ्या पोरांच्या आईबापांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इफेमेलू अमेरिकेत वंशभेदावर ब्लॉग लिहिते, त्याच्या पोस्टी मात्र कधीकधी लेक्चर होतात, आणि येल विद्यापीठात शिकवणाऱ्या ब्लेनच्या, म्हणजे तिच्या तिथल्या बॉयफ्रेंडच्या, मित्रमंडळींच्या गप्पा तर फारच लांबल्यात, तिथे भरभर पुढे गेलात तरी चालेल. ग्रुपमध्ये भांडण जुंपणार ते शेवटावरून, तो काही मी सांगत नाही, पण ओबिंझेला लेगॉसमध्ये बायको आणि लहान मुलगी आहे हे विसरून वाचू नका.