आधी विचार, मोजलं काय?

बाळा,

तुझी मेल दोनदा वाचली. सेमिनारमध्ये ‘वर्महोल (अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा) खरंच तयार झालं का?’ एवढंच विचारलंस आणि ‘आधी गणित शिकून ये’ म्हणून तुला खाली बसवलं. गणित शीकच, त्यातून सुटका नाही. पण तुझा प्रश्न गणिताचा नव्हताच. मोजलं काय, एवढाच होता.

क्वांटम संगणकावर वर्महोल तयार केल्याची २०२२ची ती बातमी घे. गूगलच्या सिकॅमोर या क्वांटम चिपवर ९ क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे मूळ घटक, वापरले होते. नऊ! त्यांची अवस्था लिहायला २चा ९वा घात, म्हणजे ५१२ आकडे लागतात. एवढे आकडे तुझा लॅपटॉप हसत हसत सांभाळेल. मोजलं काय? एका बाजूने घातलेली माहिती दुसऱ्या बाजूला कशी उमटते, ते. हे वागणं गुरुत्वाच्या एका प्रारूपाशी जुळतं, हा दावा. त्या जुळणीवरही पुढच्याच वर्षी इतर भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. अवकाशाला भोक कुणी पाडलेलं नाही.

सगळे मूलकण म्हणजे कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू, असं मानणारी स्ट्रिंग थिअरी मलाही आवडते. पण तिचे तंतू थेट बघायचे तर साधारण दहाचा १९वा घात गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागेल, आणि जिनिव्हाजवळचं कण आपटवणारं २७ किलोमीटर परिघाचं यंत्र (एलएचसी) पोचतं दहाच्या चौथ्या घातापर्यंत. मधली पंधरा शून्यं व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

म्हणून सगळं थोतांड, असं म्हणत सुटलीस तर मात्र मला पत्र पाठवू नकोस. तसले लोक मी भरपूर पाहिलेत, त्यांनाही मोजायचं नसतंच. नारळीकरांनी महास्फोट आयुष्यभर मानला नाही. मला ते कधी पटलं नाही. पण दुर्बिणीत काय दिसायला हवं हे ते सांगत, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालता येई.

आता माझं ऐक. मार्च २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीला विश्वाच्या जन्मवेळच्या गुरुत्वलहरींची खूण दिसल्याची बातमी आली, तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘विश्वजन्माचे तरंग सापडले’. पेढेही वाटले. मूळ शोधनिबंध उघडलाच नव्हता. जानेवारी २०१५मध्ये प्लँक उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहिलं, तर त्या खुणेतला बराचसा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. उरलं त्यावर दावा उभा राहीना. फळा तिथेच होता, खडूही होता. दुरुस्ती मी लिहिली नाही. प्रॅक्टिकल्स चालू होती, भलेभले फसले होते, मग मी कोण? बघ, अजून सबबी सांगतोय. त्या वर्षीची काही मुलं आजही तेच खरं मानत असतील.

तेव्हा त्या वर्महोलच्या शोधनिबंधातला मोजमापांचा आलेख काढ. उभ्या अक्षावर काय आहे, ते वाच. कळलं नाही तर फोन कर, पण सातनंतर. दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर