सोलर पॅनेलवरचे पांढरे डाग

प्रश्न : गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर बसवले आहे. दर रविवारी दुपारी बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतो, तरी काचेवर पांढरे डाग दिसतात आणि वीजही कमी मिळते. काय चुकते? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पाणी आणि वेळ, दोन्ही. तापलेल्या काचेवर बोअरचे जड पाणी लगेच सुकते आणि क्षार चिकटून बसतात. शिवाय गार पाण्याने तापलेली काच तडकू शकते. म्हणून पहाटे, पॅनेल गार असताना धुवा. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. आरओ फिल्टरचे वाया जाणारे पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. जुन्या डागांसाठी दहा भाग पाण्यात एक भाग पांढरे व्हिनेगर मिसळा, मऊ कापडाने पुसा, धुऊन रबरी वायपरने पाणी ओढून घ्या. ॲसिड, कपड्यांची पावडर, तारेची घासणी नकोच. काचेवरचा चकाकी कमी करणारा पातळ थर त्याने खराब होतो.

पक्ष्यांची विष्ठा आधी भिजवून काढा. एवढासा डागही खालचा सेल (पॅनेलमधला वीज बनवणारा छोटा चौकोन) झाकतो, मग तो सेल तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. धुण्यापूर्वी आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच (घराकडे जाणाऱ्या विजेचा), मग डीसी स्विच (पॅनेलकडून येणाऱ्या विजेचा) बंद करा. तरीही उजेड आहे तोवर पॅनेलच्या वायरींत जीवघेणा विद्युतदाब (व्होल्टेज) असतो, त्यामुळे जोड उघडू नका, त्यांवर पाणी मारू नका. काच तडकलेली असेल तर पाणी न लावता तंत्रज्ञाला बोलवा. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नका; न दिसणाऱ्या चिरा पडतात.