वाचकांचे प्रश्न : मिस्सा, शुद्धीस्थान आणि अस्थिकलश

प्रश्न : शेजारचे कॅथलिक काका वारले. घरचे म्हणाले, 'स्वर्गात गेले', आणि लगेच त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगितली. स्वर्गात पोहोचले असतील तर प्रार्थना कशाला? – एक वाचक, वसई

उत्तर : 'स्वर्गात गेले' हे सांत्वनाचं बोलणं. तशी ग्वाही चर्च फक्त संत म्हणून जाहीर केलेल्यांबद्दल देतं. कॅथलिक श्रद्धेत न्याय दोनदा होतो : मरताक्षणी ज्याचा त्याचा आणि जगाच्या अंती सगळ्यांचा. पहिल्या न्यायानंतर आत्मा स्वर्गात, नरकात किंवा शुद्धीस्थानात (स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत) जातो. पण पुण्यवंतांना देवदर्शन लगेच होतं की अंतापर्यंत थांबावं लागतं? यावर खुद्द पोपही अडखळले होते. २२वे जॉन यांनी १३३१ पासून फ्रान्समधल्या अविन्योंतल्या प्रवचनांत 'थांबावं लागतं' असं सांगितलं. गदारोळ झाला. १३३४ मध्ये मृत्यूच्या आधी त्यांनी ते मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये पुढचे पोप १२वे बेनेडिक्ट यांनी 'लगेच' असा निर्णय दिला.

शुद्धीस्थान हा छोटा नरक नव्हे. तिथला प्रत्येक आत्मा स्वर्गात जाणारच असतो, फक्त पापाचा उरलेला डाग धुतला जायचा असतो. मिस्सा असते ती त्यासाठी. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. मृतांसाठी प्रार्थनेचा जुना दाखला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२व्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक कॅथलिक बायबलच्या ७३ पुस्तकांत असलं तरी प्रोटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही.

१ ते ८ नोव्हेंबरदरम्यान कबरस्थानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर पापदंडाची पूर्ण माफी मृताच्या नावे मागता येते, दिवसाला एकदाच. सोबत पापनिवेदन (फादरांसमोर पापांची कबुली), ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेणं आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी. नुसती मेणबत्ती लावून परतणारे बरेच असतात; अट राहिली की माफी अर्धवट राहते.

प्रश्न : आईला दहन हवं होतं. चर्चला चालेल का? रक्षा आम्हा तिघा भावंडांत वाटून घ्यायची आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दहन चालेल. १८८६ मध्ये बंदी आली, कारण युरोपातले काही धर्मविरोधक 'पुनरुत्थान खोटं' हे दाखवायला मुद्दाम दहन करत होते. १९६३ मध्ये ती उठली. राखेतून शरीर पुन्हा उठवणं देवाला अवघड नाही, मातीतून तरी कुठे सोपं होतं!

वाटणी मात्र नाही. २०१६ च्या व्हॅटिकन सूचनेनुसार रक्षा समुद्रात, नदीत वा हवेत सोडायची नाही, घरातल्या शोकेसमध्ये ठेवायची नाही, लॉकेटमध्येही घालायची नाही. कलश कबरीत पुरावा किंवा कबरस्थानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावा. ख्रिस्ती माणूस शेवटी सदेह उठणार, म्हणून देहाचं जे उरलं ते एका पवित्र जागी, नावानिशी राहावं, असा त्यामागचा विचार. २०२३ मध्ये थोडी सूट मिळाली : मृताच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी रक्षेचा अगदी थोडा अंश ठेवण्याच्या विनंतीचा विचार चर्चचे अधिकारी करू शकतात. विचारल्याशिवाय करू नका.

गडबड होते ती क्रमात. विद्युतदाहिनीची वेळ आधी ठरते आणि फादरांना फोन नंतर जातो. शक्यतो देह समोर असताना अंत्यमिस्सा, मग दहन, मग कलशाचं दफन, असं ठरवा. कोनाडा शिल्लक आहे का, हेही पहिल्याच फोनवर विचारा.