बडोद्यात बाइकसमोर अचानक पक्षी आला तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकतेच बडोद्याला आलात, पहिल्या पाळीला बाइकने हालोलला जाता, आणि परवा जरोदच्या अलीकडे एक लांडोर तुमच्या हेल्मेटला घासून गेली. अशा वेळी तिला चुकवायचं, ब्रेक दाबायचा की सरळ जायचं, असं विचारताय.

सरळ जायचं. दोन्ही हात हँडलवर घट्ट, गाडी आपल्या रेषेत, मान खाली, हनुवटी टाकीकडे. गाडी सरळ आहे तोवर दोन्ही ब्रेक मिळून दाबा, पण ब्रेक आणि वळण एकाच वेळी करू नका. हात उचलून तोंड झाकायचा मोह होतो, तो आवरा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १२५ सीसीवरच्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचं असलं तरी बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊन घसरू शकतं.

वळवू नका म्हणतो त्याचं कारण साधं आहे. घाबरलेला पक्षी कुठे जाणार हे त्यालाही ठरलेलं नसतं. तुम्ही डावीकडे काढता, तोही नेमका डावीकडे येतो. शिवाय हालोल रोडला मागे ट्रक असतो आणि डांबराच्या कडेला खडी. पक्ष्याच्या धडकेतून माणूस बऱ्याचदा उभा राहतो, ट्रकखाली गेलेला राहत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडच्या मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत आंद्रेआ इयानोने हा स्वार भर वेगात एका सीगलला धडकला, तरी गाडी सांभाळून तिसरा आला. त्याच्या अंगावर रेसिंग सूट होता आणि समोरून एसटी येत नव्हती, हे खरं. पण हँडल न झटकणं हे तुम्हा-आम्हालाही जमण्यासारखं आहे.

माझं खरं सांगणं मात्र याच्या आधीचं आहे. लांडोर हेल्मेटपाशी आली तेव्हा तुमच्या हातात फारसं काही उरलेलं नव्हतं. जे करायचं ते त्याच्या दोन-तीन सेकंद आधी, आणि त्यासाठी कुठला पक्षी कसा पळतो हे ठाऊक हवं. मी कपुराई चोकडीवरून (इथे चौकाला चोकडी म्हणतात) डभोईच्या बाजूला रोज बाइकने जातो-येतो, हिवाळ्यात रविवारी वढवाणा तलावावर पक्षी पाहायला जातो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी वेगाचं. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या पक्ष्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या रस्त्याची वेगमर्यादा जास्त, तिथले पक्षी गाडी लांब असतानाच उडत होते. पण समोरची गाडी त्या क्षणी किती जोरात येतेय, यावर त्यांचं उडणं अवलंबून नव्हतं. म्हणजे पक्षी रस्त्याचा सरासरी वेग शिकतो, तुमचा नाही. अमेरिकेत काउबर्ड नावाच्या पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या गाडीचं चित्रण दाखवून पाहिलं, तिथेही ते अंतर पाहून उडत होते, वेग पाहून नव्हे. आता हिशेब करा. पक्षी तीस मीटरवर असताना उडाला तर ताशी ६० ला तुम्ही त्याच्यापाशी १.८ सेकंदांत पोचता, ९० ला १.२ सेकंदांत. डभोई रोड सोडून आतल्या गावरस्त्याला लागलात की तिथले पक्षी ट्रॅक्टर आणि सायकलींना सरावलेले असतात. तिथे कुणी ऐंशी-नव्वदने गेलं तर त्या पक्ष्यांना वाचायची संधीच मिळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या रस्त्यांवर एवढी घाई असण्यासारखं काही नसतं.

आता मोर. मोराचं वजन चार ते सहा किलो, लांडोर त्याहून हलकी. इतका जड पक्षी सहसा एकदम वर उठत नाही. तो आधी धावतो, मग जोरजोरात पंख मारत तिरका उठतो, आणि रस्ता ओलांडताना नेमका आपल्या डोक्याच्या उंचीवर असतो. मोर रात्री उंच झाडावर बसतात, उजाडता उजाडता खाली उतरून शेतात जातात आणि संध्याकाळी परततात. झाडं एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला असलं की रस्ता मध्ये आलाच, आणि सकाळची ती वेळ नेमकी पहिल्या पाळीची. तुमच्या रस्त्याची आणखी एक अडचण आहे. हालोल बडोद्याच्या ईशान्येला, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी जाताना सूर्य समोर असतो. हिवाळ्यात त्या वेळी नीट उजाडलेलंही नसतं. वाळक्या गवतात मातकट रंगाची लांडोर अशा प्रकाशात दिसत नाही, दिसते ती तिची हलणारी मान.

ती मान दिसली की थ्रॉटल सोडा. एकदा कपुराईच्या पुढे कडेच्या बाभळीखाली मला अशीच एक मान दिसली. मी तिसऱ्या गिअरवर आलो. लांडोर रस्त्यावर आली, थबकली, माझ्याकडे पाहून पुन्हा मागे फिरली आणि मग अचानक पळत पार गेली. समोरच्या मोटरसायकलवाल्याने वाट मोकळी झाली म्हणून गाडी दामटली, तर गवतातून दुसरी निघाली, तिच्यामागे तिसरी, आणि सगळ्यात शेवटी पिसारा ओढत मोर. त्याने कसंबसं थांबवलं. लांडोरी घोळक्याने असतात, मोर अनेकदा मागून येतो. एक पार झाली म्हणजे मोजणी सुरू झाली, असं समजा. हॉर्न वाजवायचा तर लांबून, थोडा थोडा. अगदी जवळ जाऊन वाजवलात तर ती बिथरून तुमच्याच दिशेने उडेल.

सातभाई पक्ष्यांचंही तसंच. ते एकामागून एक, जमिनीलगत रस्ता ओलांडतात, आणि शेवटचा जरा उशिरा निघतो. चिरडलेला सापडतो तो बहुतेक तोच. कोतवाल पक्षी गाडीसमोर किडे पकडायला झेपावतो, पण चपळ असतो, त्याची काळजी नको. टिटवी उन्हाळ्यात कडेच्या खडीतच अंडी घालते आणि ओरडत डोक्यावर येते. ती आपटत नाही, तुम्ही दचकून हँडल हलवू नका म्हणजे झालं. मेलेल्या कुत्र्यावर घारी बसल्या असतील तर त्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उठतात, आणि पोट भरलेलं असल्यावर जड उठतात.

होले (कबुतरासारखेच, पण लहान पक्षी) आणि कबुतरं हा रोजचा विषय. ट्रॉलीतून सांडलेलं धान्य टिपायला होले डांबरावर बसतात, पचनासाठी बारीक खडेही गिळतात. होला उडाला की पुष्कळदा रस्त्याच्याच दिशेने, आपल्या पुढे पुढे उडत राहतो आणि आपण त्याला मागून गाठतो. म्हणून वेग कमी करून त्याला बाजूला व्हायला जागा द्या. शहरात चबुतऱ्यांपाशी (पक्ष्यांना दाणे टाकायच्या ओट्यांपाशी) आणि चोकड्यांवर लोक सकाळी ज्वारी टाकतात, मग एखाद्या रिक्षाच्या आवाजाने शेकडो कबुतरं एकदम स्कूटरवाल्यांच्या तोंडावर उठतात. दाणे टाकणाऱ्यांचा भाव चांगला आहे हे मी मानतो, पण वाहत्या रस्त्याच्या कडेला दाणे टाकू नयेत, असं मी शेजारच्या काकांनाही सांगतो. गच्चीवर टाका, बागेत टाका.

रात्री परतत असाल तर रातवा लक्षात ठेवा. दिवस मावळला की हा पक्षी गरम डांबरावर येऊन बसतो, तिथूनच उडून किडे पकडतो. दिवसा पाहिलात तर सुकं पान पडलंय असं वाटेल. रात्री मात्र हेडलाइटमध्ये लांबून एक लालसर ठिपका दिसतो, ते त्याचे डोळे. प्रखर दिव्यात तो खिळून बसतो आणि अगदी शेवटच्या क्षणी उठून उजेडातच गिरकी घेतो. ठिपका दिसताच दिवा डिपरवर घ्या, वेग तीसच्या खाली आणा, तो उठून जाईपर्यंत दम धरा. वढवाण्याहून परतताना मी एकाच्या इतका जवळ थांबलोय की मिटलेल्या चोचीभोवतीच्या ताठ मिशा दिसत होत्या. ते पाहिल्यापासून त्या रस्त्यावर रात्री जोरात जाणं मला शक्यच नाही.

हेल्मेट फुल फेस घ्या, काच खाली ठेवून चालवा. अर्ध्या हेल्मेटमध्ये चिमणीएवढा पक्षीही डोळा घालवू शकतो.

आणि धडक झालीच तर आधी स्वतः कडेला व्हा, मग पक्ष्याकडे जा. त्याच्या डोक्यासकट अंगावर रुमाल किंवा जॅकेट टाकून उचला, अंधारात तो शांत होतो. घार किंवा घुबड असेल तर नख्या सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गुजरातमध्ये १९६२ या नंबरवर करुणा ॲनिमल ॲम्ब्युलन्स मिळते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियानाची जागोजागची केंद्रंही चालू असतात. त्या आठवड्यात मांजाने पंख कापलेले पक्षी रस्त्यावर पडलेले दिसतील, ते उडतील असं धरून चालू नका. बाइकच्या हँडलला मांजा अडवणारी तार त्याआधीच लावून घ्या, तुमच्या गळ्यासाठी. मोर जखमी किंवा मेलेला असेल तर वन विभागाला कळवा. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला पक्षी आहे, कुणी घेऊन जाऊ लागलं तर अडवा.