‘आमच्या माघारी ह्याचं कोण बघणार?’ : एक घर आणि एक पालकगट

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलाचे आईवडील समुपदेशनाला येतात, तेव्हा सांगायचं कारण वेगळंच असतं. झोप लागत नाही, मुलगा हल्ली हात उगारतो, घरात खटके उडतात. पंधरा-वीस मिनिटं बोलून झाली की खरा प्रश्न बाहेर पडतो: आमच्या माघारी ह्याचं कोण बघणार?

हे घर एका जिल्ह्याच्या गावातलं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय 67. काकू 61. मुलगा 29 वर्षांचा, त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आणि लहानपणापासून फिट्स. मुलगी लग्न होऊन पुण्याला. विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटली, तेव्हापासून मुलगा घरीच. तेवढ्या वर्षांत काकू एक रात्रही बाहेर राहिलेल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नातही अक्षता टाकून, न जेवता परत.

गावात दिव्यांग मुलांच्या पालकांचा गट होता, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरायचा. त्याचं नाव काढताच काकू म्हणाल्या, “चार जणींचं रडगाणं ऐकून मी आणखी खचेन. आणि तेवढा वेळ ह्याला कोण धरून बसणार?”

आक्षेप रास्त होता. बरेच पालकगट दोन कारणांनी बंद पडतात. एक तर ते नुसतं मन मोकळं करण्याचं ठिकाण होतात. पहिल्या तीन बैठका डोळे पुसण्यात जातात आणि चौथीला कुणी येत नाही. नाहीतर दर वेळी एक डॉक्टर किंवा अधिकारी बोलावून व्याख्यान ठेवलं जातं. पालक सतरंजीवर बसून ऐकतात, चहा पितात, घरी जातात. शेजारी बसलेल्या बाईच्या मुलालाही फिट्स येतात, हे दोघींना वर्षभर कळत नाही.

म्हणून गटाचा विषय बाजूला ठेवून आधी प्रश्नाचे तुकडे केले. ‘माघारी’ म्हणजे वीस वर्षांनंतर, असं धरून माणूस रात्र रात्र जागतो. पण उद्या सकाळी काकू मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला तर? काकांना विचारलं: दात घासताना त्याला काय म्हणावं लागतं? फिट्सची गोळी कशातून देता? काकांना दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं, पहिल्याचं आलंच नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच छपराखाली, मुलगा फक्त आईच्या हातचा होता. एक दिवस, तीन महिने आणि कायमचं अशा तीन मुदती केल्या, आणि ‘एक दिवस’ सुटल्याशिवाय पुढच्या दोन्हींवर बोलायचं नाही असं ठरलं. मुलाला दुसऱ्या माणसाच्या हातची सवयच नसेल तर मृत्युपत्र, ट्रस्ट, संस्था सगळं कागदावर राहतं.

पहिलं काम वहीचं. त्याला सांभाळायला अनोळखी माणूस आला तर काय काय माहीत हवं, ते काकूंनी लिहायचं. त्यांनी चौदा पानं लिहून आणली. त्यातली काही वाक्यं: ‘आमटी-भात कालवून दिला तर ताट लोटतो, वेगवेगळा वाढायचा.’ ‘कुकरची शिट्टी होणार असेल तर आधी सांगायचं, नाहीतर कान दाबून पळतो.’ ‘बास बास म्हणाला तर संडासला जायचंय, जेवण बास असं नाही.’ हे शेवटचं काकांनाही धड माहीत नव्हतं. ते त्याच्यासमोरचं ताट उचलायचे आणि मग भांडण व्हायचं. मुलगा हल्ली हात उगारतो, या तक्रारीचा बराच भाग तिथे सापडला.

फिट्सचं पान वेगळं केलं आणि फ्रिजवर लावलं. गोळीचं नाव, मात्रा, सकाळ-रात्रीची वेळ. झटका आला की घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरा आला, तर थेट दवाखाना. कांदा-चप्पल ठळक अक्षरात लिहावं लागतं, कारण मदतीला धावून येणारा शेजारी पहिल्यांदा तेच करतो.

मग काकू गटाला गेल्या, त्याही एका अटीवर: मुलाला बरोबर नेणार. त्यासाठी गटाचीच मांडणी बदलावी लागली. बैठक दीड तासाची, माणसं दहा-बारा. त्याहून जास्त झाली की बोलायला पाळी येत नाही. सहापेक्षा कमी झाली तर दोन घरं गैरहजर असली की बैठकच बारगळते. शेजारच्या खोलीत दोन पालक मुलांपाशी थांबतात, पाळीपाळीने. पहिली दहा मिनिटं गेल्या महिन्यात ठरलेल्या कामांची विचारपूस. मग चाळीस मिनिटं एका वेळी एकच घर, एकच अडचण. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. ‘माझ्या पुतण्याला अमुक औषधाने फरक पडला’ सुरू झालं की गट चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं, भीड बाळगू नये. उरलेला वेळ कागदपत्रांना. व्हॉट्सॲपवर गट असेलच, तर त्यावर फक्त बैठकीची वेळ, योजनेची मुदत आणि मदतीची हाक. सुप्रभात आणि चमत्कारी उपचार दोन्ही बंद.

खरा उपयोग झाला तो अदलाबदलीचा, म्हणजे एकमेकांची मुलं पाळीपाळीने सांभाळण्याचा. तीन घरांचा छोटा संच केला, सगळी रिक्षाने दहा मिनिटांच्या आत. पहिल्या दोन वेळा काकू मुलाबरोबर त्या घरी जाऊन बसल्या. तिसऱ्या वेळी अर्धा तास बाहेर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, शेवटी एक रात्र. पाच महिने लागले. घाई करू नये; पहिल्याच वेळी सबंध दिवस ठेवलं आणि मुलगा रडून आजारी पडला, तर ते घर पुढे वर्षभर तयार होत नाही.

इथेही अडलंच. दोन तासांच्या पहिल्या फेरीला कुकरची शिट्टी झाली आणि मुलगा जिन्यावर जाऊन बसला, खाली उतरेना, वर येईना. त्या ताईंना वही दिली होती, पण चौदा पानं कोण वाचतं? मग वहीतून एक पाठपोट कागद काढला. पुढच्या बाजूला बोली, जेवण, भीती. मागे औषध, दवाखाना आणि तीन फोन नंबर. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मुलाच्या पिशवीत कायमचा ठेवला. दुसरी अडचण हिशेबाची. एक घर सारखं दुसऱ्याचं मूल सांभाळतं आणि दुसरं सारखं आपलं मूल सोडून जातं, असं झालं की मनात अढी बसते आणि कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून तास वहीत मांडायचे, पैसे मात्र अजिबात नाहीत. गटात उसनवारी सुरू झाली की गट संपतो.

पहिल्या रात्री काकू मुलीकडे पुण्याला गेल्या आणि दर तासाला फोन केला. दुसऱ्या खेपेला रात्री एकदा, सकाळी एकदा. वडील गटाला येत नाहीत ही सगळीकडची तक्रार, पण काकांना बैठकीला बोलावण्याऐवजी कागदपत्रांचं काम दिलं आणि ते तिसऱ्या महिन्यापासून वेळेआधी हजर. निवृत्त शिक्षकाला फाइल दिली की तो ती पूर्ण करतोच.

आता त्या फाइलविषयी, कारण चुका इथेच होतात.

मूल 18 वर्षांचं झालं की आईवडिलांचं पालकत्व आपोआप चालू राहत नाही. बँकेत मुलाचं खातं उघडायला गेल्यावर किंवा वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा निघाल्यावर हे कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि कायदेशीर पालक तीच नेमते. आईवडील दोघं मिळून अर्ज करू शकतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो हे जोडून अर्ज जातो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या स्थावर मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा भाग बहुतेक जण विसरतात. आईवडील गेल्यावर बहिणीला नव्याने अर्ज करावा लागतो, त्यामुळे ‘ताई बघेल’ एवढ्यावर सोडू नये. कुठला कागद कुठे आहे हे तिला आजच दाखवून ठेवावं. मुलाचा त्रास मानसिक आजाराचा असेल, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया, तर हा कायदा लागू होत नाही. त्या घरांनी वेगळा कायदेशीर सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट पेन्शन. काकांच्या मागे काकूंना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यालाही ते हयातभर मिळू शकतं, हे मात्र काकांनाच माहीत नव्हतं. आयुष्यभर सेवापुस्तकं भरणारा माणूस! त्यासाठी मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र काकांच्या हयातीतच पेन्शनच्या कागदांत नोंदलेलं असलं तर पुढची धावपळ वाचते. खाजगी नोकरीतल्यांच्या ईपीएस 95 या पेन्शन योजनेतही पूर्ण व कायम दिव्यांग अपत्याला पेन्शनची तरतूद आहे.

निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यासाचाच आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत. बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, थेरपी धरून, पण प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा. खर्च आधी आपण करायचा आणि मूळ बिलं जोडून परत मागायचा. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि ते चुकतं, म्हणून गटाने मार्चच्या बैठकीत सगळ्यांचं एकत्र करायचं ठरवलं. आयकर भरणाऱ्या घरांना जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबिताच्या सांभाळासाठी 75 हजारांची वजावट आहे, 80 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची.

पैशांबाबत एकच चूक फार महाग पडते. मुलाच्या नावावर काही नको म्हणून सगळं भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करायचं, आणि ‘तू त्याला सांभाळ’ असं तोंडी सांगायचं. बहीण भली असते. पण तिचं घर, तिचं कर्ज, तिचे वारसदार यांच्याशी त्या तोंडी शब्दाचा काही संबंध नसतो. मृत्युपत्र किंवा खाजगी ट्रस्ट वकिलाकडूनच करून घ्यावा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही तिथेच विचारून घ्यावं.

मुलीशी स्वतंत्र बैठक झाली, जावयांसह. बहुतेक घरांत हा विषय तिच्या लग्नाआधीपासून हवेत असतो आणि कुणी उच्चारत नाही. तिने सरळ सांगितलं, “मी कायदेशीर पालक होईन, पैशांचे व्यवहार बघेन, महिन्यातून दोनदा भेटेन. पण त्याला आमच्या दोन खोल्यांत नाही ठेवू शकत.” काकूंना ते लागलं. पण त्या नकारामुळेच ‘कायमचं’ या तिसऱ्या मुदतीवर खरं बोलणं सुरू झालं. तोवर सगळं ‘ताई करेल’वर अडलेलं होतं.

याच टप्प्यावर गटात नेहमी एक उत्साही सूचना येते: आपणच वर्गणी काढू, जमीन घेऊ, मुलांसाठी घर बांधू. पालकांनी उभी केलेली निवासी संस्था अशक्य नाही. बदलापूरची ‘आधार’ पालकांच्याच संघटनेतून उभी राहिली. पण जमीन आधी आणि नोंदणी नंतर, असं केलेले गट फुटतात. सातबारा एकाच्या नावावर, पैसे दहाजणांचे! आधी निदान सात सभासदांनी रीतसर संस्था नोंदवावी, घटनेत बाहेर पडणाऱ्याच्या पैशांचं काय ते लिहावं, आणि दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत दिवसाची कार्यशाळा चालवून बघावी. रात्रपाळीला माणूस मिळतो का आणि टिकतो का, हे त्यातूनच कळतं. निवासी संस्था बांधकामाअभावी कमी आणि काळजीवाहकांअभावी जास्त बंद पडतात.

या गटाने ते पुढे ढकललं आणि चार घरांनी मिळून निवासी संस्था बघायला सुरुवात केली. जाताना प्रश्न ठरवून न्यायचे. रात्री किती मुलांमागे किती माणसं जागी असतात? फिट आल्यावर कुठल्या दवाखान्यात नेता, गाडी कुणाची? पालक दोघंही गेल्यावर फी कोण भरेल असं करारात लिहिता? महिनाभर ठेवून परत नेता येतं का? शक्यतो न कळवता, जेवणाच्या वेळेला जावं. स्वच्छतागृह बघावं आणि तिथे राहणाऱ्या मुलांची नखं बघावीत. काकूंची ही नखांची युक्ती आता सगळा गट वापरतो. एका संस्थेत पंधरा दिवसांची चाचणी ठरली आहे, पाठपोट कागद तिथल्या काळजीवाहकांना आधीच वाचून दाखवला आहे. काका मात्र अजून राजी नाहीत, आणि पुढच्या दुसऱ्या रविवारची चाळीस मिनिटं त्यांची आहेत.